गोठ्याशेजारची जीप रस्त्यावर आणायची तर

पहिला खर्च झेरॉक्सचा. पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा वर्षं उभी असलेली महिंद्रा एमएम ५४० बाहेर काढायचं ठरलं की सगळे बॅटरी आणायला धावतात. तुम्ही आधी आर.सी. बुक शोधा. चॅसिसवरचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि तो ठसा बुकातल्या नंबराशी ताडून बघा. इंजिनचा नंबरही बघाच. मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीप गावोगाव आहेत, आणि तो बदल बुकात चढला नसेल तर आरटीओत गाडी तिथेच अडते. जिल्हा बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा बुकावर अजून दिसतोय का, तेही पाहा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय तो उतरत नाही. गाडी आजोबांच्या नावावर असून ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. आणि जुनं हाताने लिहिलेलं बुक असेल तर गाडीची नोंद सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर चढली आहे का ते आधी तपासा. चढली नसेल तर बॅकलॉग एन्ट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद तिथे चढवून घेण्यासाठी खेटे घालावे लागतील, पुढची सगळी कामं त्यानंतर.

आता आकडे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी हे शुल्क १०,००० रुपये केलं. मुदत उलटून गेली असेल तर उशिराच्या दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. त्यात पर्यावरण कर आणि नव्या नंबरप्लेटा धरा, कारण १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाट्या बसवायच्याच आहेत. थर्ड पार्टी विमा इंजिनच्या सीसीवर ठरतो. एमएम ५४०चं प्यूजो इंजिन २११२ सीसीचं, म्हणजे १५००च्या वरच्या गटातलं. जून २०२२च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. हा सगळा हिशेब एका कागदावर मांडा आणि मग ठरवा. अनेकदा कागदांचा खर्च ब्रेकच्या पूर्ण कामापेक्षा जास्त निघतो. तो परवडत नसेल तर गाडी शेडमध्येच बरी, उगाच इंजिन उघडू नका.

कागद जमतायत असं दिसलं की दोन तास फक्त बघण्यात घालवा. सीट उचला, चटया काढा. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीची घरं केलेली असतात, आणि सीटखाली हात घालण्याआधी काठी फिरवलेली बरी, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. मग जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन चॅसिसच्या खाली शिरा. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे चॅसिसला धरलेत तिथे, क्रॉस मेंबरच्या सांध्यांवर आणि बॉडीच्या माउंटिंगखाली टोचून बघा. वरचा पत्रा सडला असेल तर चालतं, तो वेल्डिंगवाला लावून देतो. पण चॅसिसमध्ये स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर बजेटची गाडी उरत नाही. कोकणातून आलेल्या जीपला ही परीक्षा दोनदा द्यायला लावा.

आता इंजिन. चावी फिरवायची नाही. आधी डिपस्टिक काढा. ऑइल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय, आणि मग गोष्ट हेड गॅसकेटपासून सुरू होते. ऑइल काळं पण साफ असलं तरी ते आणि फिल्टर बदला. गाडी किती किलोमीटर चालली ते इथे विचारायचं नाही. या इंजिनला इंजेक्शन प्री-चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या छोट्या कप्प्यात होतं, म्हणून तो कप्पा तापवणाऱ्या हीटर प्लगशिवाय थंडीत ते उठत नाही. चारही हीटर प्लग काढा. ते नाहीतरी तपासायचेच आहेत, शिवाय त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब सुटतो. त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी हाताने फिरवा. हँडलची जागा असेल तर हँडलने, नाहीतर क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावून. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडा आणि आणखी दोन दिवस थांबा. चार पोरं बोलावून गिअरमध्ये ढकलायचा उत्साह हमखास कुणाला तरी येतो. पिस्टनच्या अडकलेल्या रिंगा तशाच तुटतात.

टाकीतलं जुनं डिझेल वापरायचा मोह होईल. नको. टाकी उतरवा, तळाचं पाणी आणि काळा चिकट गाळ काढा, थोडं ताजं डिझेल टाकून हलवून धुवा. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, तो गाळ त्यांचाच, आणि तो थेट डिझेल पंपात आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये जातो. रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला. मीटरवर मिळतात, फार पैसे लागत नाहीत. डिझेल फिल्टर नवा. मग फीड पंपाचा हातपंप मारत आधी फिल्टरच्या बोल्टपाशी, नंतर पंपापाशी आणि सेल्फ मारताना शेवटी नोझलच्या नटांपाशी हवा काढा. उडणाऱ्या डिझेलखाली हात धरू नका, नोझलचा फवारा कातडीत घुसतो. एअर फिल्टर ऑइल बाथचा असेल तर वाटीतलं ऑइल चिखल झालेलं असतं. ते धुऊन खुणेपर्यंत नवं भरा, जास्त नाही. जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं.

पहिल्यांदा सुरू करताना दोन माणसं हवीत. एकाने इंजिन बंद करायची स्टॉपची केबल खरंच डिझेल पंपाचा लिव्हर ओढते का ते आधी पाहायचं. दुसऱ्याने इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी सपाट लाकडी फळी घेऊन उभं राहायचं. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पंपाचं कंट्रोल अडकलेलं असू शकतं, आणि डिझेल इंजिन एकदा सुसाट सुटलं की चावी काढून ते थांबत नाही, हवा तोडावी लागते. ऑइलचा दाब काही सेकंदांत दिसला पाहिजे. पांढरा धूर पहिली काही मिनिटं येणारच. रेडिएटर, होस आणि पाण्याचा पंप यांच्यावर लक्ष ठेवा. पंपाच्या खालच्या भोकातून थेंब पडत असतील तर सील गेलंय. फॅनबेल्ट चिरलेला असेल तर दोन घ्या, एक गाडीत ठेवायला.

इंजिन चालू झाल्याचे पेढे वाटून झाले की लोक फेरी मारायला निघतात. थांबा, खरा पैसा आणि खरा वेळ इथून पुढे लागतो. या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीत व्हील सिलिंडरचे (प्रत्येक चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) पिस्टन गंजून बसलेले असतात. सगळे ड्रम काढा. काही जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडवर ‘एल’ दिसतोय का ते बघून पाना लावा, नाहीतर स्टड तुटतो. मागचा हब टेपर शाफ्टवर असेल तर पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) भाड्याने आणा, हातोड्याने शाफ्टचे आटे चपटे होतात. व्हील सिलिंडरच्या आत बोट फिरवा. खड्डे लागले तर रबर किट टाकून भागणार नाही, सिलिंडर नवा घ्या. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरलाही हाच नियम. रबरी ब्रेक होस बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. पाय उचलल्यावरही चाक धरून राहतं ते त्यामुळे. तिन्ही-चारी बदला. लोखंडी नळ्या जिथे क्लिपखाली दबल्यात तिथे गंजतात, क्लिप काढल्याशिवाय ते दिसत नाही. जुन्या जीपना बहुधा एकच सर्किट असतं, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. या एका कारणासाठी ब्रेकवर काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे, बाकी सगळीकडे करा.

ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या) ऑइलने ओले असतील तर नुसते पेट्रोलने पुसून पुन्हा बसवू नका. ऑइल कुठून आलं ते शोधा. मागे असेल तर एक्सलचं सील, पुढे असेल तर स्टिअरिंगच्या गोळ्याचं, म्हणजे पुढचं चाक जिथे वळतं त्या सांध्याचं. ड्रमवर कडा पडली असेल तर लेथवर किंचित घासून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम उभ्या उभ्या होतं, पुण्यात नाना पेठेतल्या पार्टवाल्याला विचारा, तो टर्नरचा पत्ता देतो. ब्रेक ऑइल सीलबंद डब्याचं आणा, ते हवेतलं पाणी ओढतं. जुन्या ढंगाच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) मागे शाफ्टवर असतो. तिथलं सील गळत असलं की हँडब्रेकचं लायनर तेलात भिजतं आणि आरटीओतल्या चढावर गाडी मागे सरकते. आणि तो शाफ्ट उतरवला की हँडब्रेकच उरत नाही, म्हणून तेव्हा चाकांना दगड लावून ठेवा.

स्टिअरिंगचं काम एका माणसाला चाक डावी-उजवीकडे हलवायला बसवून दुसऱ्याने खालून बघायचं आहे. टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक, किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंगं यांत कुठे खेळ आहे ते हात लावून कळतं. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ घालवायचा प्रयत्न करू नका, मधोमध घट्ट होतो आणि वळणात अडतो. चाळीसच्या वेगाला चाकं थरथरायला लागली तर आधी किंगपिन, मग व्हील बॅलन्स. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये मुख्य पाटा तडकलाय का, मधला बोल्ट तुटलाय का, यू बोल्ट सैल आहेत का, शॅकलचे बुश उरलेत का, एवढं पाहा आणि प्रत्येक ग्रीस निपलमध्ये नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसनाही.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे असतात, २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. एवढ्या वयाचं रबर फाटायलाच टेकलेलं असतं. चारही एकाच मापाचे घ्या, कारण फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात आणि माप वेगळं असेल तर ट्रान्सफर केस त्याचा दंड भरते. त्याच कारणाने डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावायची नाही, चाचणी चिखलात किंवा वाळूत करा. मोठे टायर आणि लोखंडी बंपर यांचा विचार सध्या सोडा. पैसा जातो आणि तपासणीत अडवणूकही होते.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सलची हाऊसिंग यांचं ९० नंबरचं ऑइल एकदा सोडून बघा. चमकणारी भुकटी थोडी चालते, दाताचा तुकडा निघाला तर मात्र थांबून विचार करा. गिअरबॉक्समधून ऑइल ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, एकाची पातळी वाढून दुसऱ्याची कमी झाली तर मधलं सील बघा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. इंजिन गरम करून पेडल लाकडाने दाबून रात्रभर ठेवल्यावर बऱ्याचदा सुटते.

वायरिंगमध्ये फार खोल जाऊ नका. जळक्या आणि कुरतडलेल्या वायरी नव्या, अर्थिंगची पट्टी घासून घट्ट, फ्यूज योग्य अँपिअरचे. हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर चालले की झालं. जुन्या पार्टची चिंता नको. महिंद्राच्याच कमांडर, मेजर, मार्शल या गाड्यांचं बरंच सामान एकमेकांना लागतं, म्हणून जुना तुकडा हातात घेऊनच दुकानात जा. ब्रेक, स्टिअरिंग आणि बेअरिंगं सोडून बाकी सगळं भंगार बाजारातून चालतं.

विमा हातात आल्याशिवाय गेटबाहेर जायचं नाही. पहिल्या फेऱ्या वावरातल्या गाडीवाटेवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. थांबून चारही ड्रमला हात लावा, एखादा जास्त गरम लागला तर तिथला पिस्टन अजून अडतोय. पीयूसीला जाताना इंजिन चांगलं तापवून न्या, थंड डिझेल जास्त धूर टाकतं. जुन्या डिझेलला धुराची घनता ६५ एचएसयूच्या (धूर मोजायचं एकक) आत लागते. एअर फिल्टर साफ असूनही काळा धूर येत असेल तर नोझल टेस्टरवर लावून घ्या, डिझेल पंपाला त्याच्याआधी हात लावू देऊ नका.

पाचेकशे किलोमीटर झाले की यू बोल्ट, चाकांचे नट आणि हाऊसिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, इंजिन ऑइल एकदा लवकर बदला, आणि डिझेल फिल्टरही, कारण टाकीचा उरलेला गाळ त्यातच अडकलेला असतो. वरचं कापडी हूड, सीटा आणि रंग पुढच्या वर्षी.