परदेशात घर घेताय? मग पैसे पाठवायची तयारी आधी करा

घर शोधण्यात लोक वर्ष वर्ष घालवतात आणि पैसे कसे पोचणार हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, तसं करू नका प्लीज. रजिस्ट्रेशनची तारीख पकडा आणि तिथून उलटं मोजत या. पहिलं बघायचं म्हणजे तुमच्या देशातून वर्षाला किती रक्कम बाहेर पाठवता येते, कारण लिमिट असेल तर हप्ते दोन आर्थिक वर्षांत विभागायला लागतात आणि हे विक्रेत्याशी बोलायच्या आधीच कळलेलं बरं.

मग कागद. पैसे आले कुठून हे तिकडची बँक, वकील, नोटरी सगळे विचारणार, त्यामुळे सॅलरी स्लिप, जुनं घर विकल्याचा करार, बक्षीसपत्र, जे असेल ते आणि बँक स्टेटमेंट्स आत्ताच एका फोल्डरमध्ये लावून ठेवा, भाषांतर लागणार असेल तर तेही. स्पेनमध्ये घर घ्यायचं तर एनआयई नंबर (परदेशी लोकांना तिथलं सरकार देतं तो ओळख क्रमांक) लागतोच, तो काढायला वेळ जातो, म्हणून इसार द्यायच्या आधीच अर्ज टाका.

इसार कुणाच्या खात्यात जातोय ते नीट बघा. फ्रान्समध्ये तो साधारण नोटरीच्या खात्यात राहतो आणि खरेदीदाराला माघार घ्यायला 10 दिवस मिळतात, अमेरिकेत एस्क्रो असतो, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याच्या ताब्यात, इंग्लंडमध्ये सॉलिसिटरचं (वकिलाचं) क्लायंट अकाउंट, म्हणजे अशिलांचे पैसे वेगळे ठेवायचं खातं. स्पेनमध्ये नेहमीच्या करारात तुम्ही मागे हटलात तर इसार गेला, विक्रेता हटला तर त्याने दुप्पट द्यायचा. थेट विक्रेत्याच्या पर्सनल खात्यात टाका म्हणत असतील तर आधी तुमच्या स्वतःच्या वकिलाला विचारा, एजंटने दिलेल्या वकिलाला नाही.

बजेट करताना फक्त घराची किंमत धरू नका. इंग्लंडमध्ये एप्रिल 2021 पासून अनिवासी खरेदीदाराला स्टॅम्प ड्यूटीत घराच्या किमतीच्या 2 टक्के जादा, सिंगापूरमध्ये तर 2023 पासून बहुतेक परदेशी लोकांना 60 टक्के ॲडिशनल ड्यूटी! आणि हे फार कमी जण सांगतात, विक्रेता स्वतःच त्या देशाचा रहिवासी नसेल तर काही ठिकाणी त्याच्या टॅक्सची रक्कम तुम्ही कापून सरकारकडे भरायची असते, स्पेनमध्ये किमतीच्या 3 टक्के, अमेरिकेत साधारण 15. नाही कापली तर ती जबाबदारी तुमच्यावर येते.

आता चलन बदलायचा रेट. 3 लाख युरोच्या घरावर रेट 3 टक्के हलला की 9 हजार युरोचा फरक पडतो, फर्निचरचा खर्च गेला त्यात. दोन-तीन ठिकाणी कोट घ्या पण ‘झिरो फी’ला भुलू नका, त्याच मिनिटाला बाजारातला मूळ रेट किती आहे त्याच्याशी ताडून बघा, कमाई रेटमध्येच लपलेली असते. फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या रेटने चलन घ्यायचा करार करून रेट आधी बांधता येतो, मनाला शांतता मिळते हे खरं, पण सौदा मोडला तरी तो करार तुमच्या गळ्यात राहतो, म्हणून इसाराचा करार सही झाल्यावरच करा.

स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कमधून पाठवताना चार्जेस कोण भरणार तिथे ‘अवर’ निवडा, म्हणजे मधल्या बँकांचा खर्चही तुमच्याकडून घेतला जातो. ‘शेअर’ निवडलं तर मधली बँक रकमेतूनच कापू शकते, तिकडे थोडेसे पैसे कमी पोचतात आणि तेवढ्यासाठी नोटरी सही थांबवू शकतो.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगावंसं वाटतं ते हे. पेमेंटच्या दोन दिवस आधी वकिलाच्या नावाने मेल येतो, ‘आमचं खातं बदललंय, या नव्या खात्यात पाठवा’, सही तीच, लोगो तोच, फक्त मेल आयडीत एखादं अक्षर इकडचं तिकडे. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, त्यातले चेक डिजिट (तपासणीचे आकडे) टायपिंगची चूक पकडतात, चोराचं खातं पकडत नाहीत, ते खातं खरंच असतं! त्यामुळे पहिल्या भेटीत घेतलेल्या फोन नंबरवर, मेलमधल्या नंबरवर नाही, स्वतः फोन करून आकडे एकेक वाचून घ्या, मग छोटी रक्कम पाठवा, पोचली असं त्याच नंबरवर विचारून खात्री करा आणि मगच मोठी रक्कम सोडा, तीसुद्धा सुट्ट्या बघून, कारण दोन्ही देशांच्या बँका चालू असायला हव्यात. पोचल्याची पावती आणि रेटची स्लिप जपून ठेवा, पुढे घर विकून पैसे परत आणताना नफा किती हे त्यावरूनच दाखवायला लागतं.