क्लबातून कॉलेजच्या बेंचवर

2016 साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधून माघार घेतली आणि गोव्यातल्या बऱ्याच खेळाडूंचं गणित विस्कटलं. मी तेव्हा गोवा प्रोफेशनल लीगमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळत होतो. गुडघा आधीच कुरकुरत होता. आणखी दोन मोसम रेटले आणि मग डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजचा संघ सांभाळायला घेतला.

या वाटेने येणाऱ्यांनी एक आधीच समजून घ्यावं. कॉलेजात क्रीडा संचालकाच्या कायम पदासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी लागते, वर बहुधा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. तुम्ही फातोर्ड्याच्या स्टेडियमवर किती सामने खेळलात, ते अर्जात कुठे लिहायचं हेसुद्धा कळत नाही. आपल्या वाट्याला येतं ते कंत्राटी प्रशिक्षकाचं काम. म्हणून पायात बूट आहेत तोवरच एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, प्रशिक्षकांसाठीचं डी लायसन्स उरकून घ्या. मी ते बत्तिसाव्या वर्षी केलं, शेजारी विशीतली पोरं.

आणि कागद! पहिल्याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या स्ट्रायकरच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही नव्हती. पोरगा जर्सी घालून नव्वद मिनिटं प्रेक्षकांत बसला. चूक माझीच. क्लबात हे सगळं मॅनेजर बघायचा, आपण फक्त बॅग उचलून बसमध्ये चढायचो.

सरावाला मी सुरुवातीला क्लबचीच शिस्त लावायला गेलो. सत्तरी तालुक्यातला एक मिडफिल्डर सारखा रस्त्याकडे बघायचा. एकदा सगळ्यांसमोर झापला, तर म्हणाला, “सर, वाळपईची बस चुकली की घरी जायला काहीच नाही.” त्या दिवशी घरी जाताना मला लाज वाटली. प्रॅक्टिकल संपून मुलं मैदानावर येईपर्यंत साडेचार व्हायचे, त्यात हा तासभर प्रवास करणारा. दुसऱ्या दिवसापासून पळापळ बंद केली. पन्नास मिनिटं, सगळं चेंडूवर, आणि घड्याळ माझ्या हातात. चतुर्थीच्या सुट्टीत संघ पांगतो, तेवढे दिवस धरूनच आखणी करायची, हेही त्याच वर्षी शिकलो.

त्या वर्षी उपांत्य फेरीत हरलो. तो मिडफिल्डर एकदाही गैरहजर राहिला नाही. बूट मात्र बसमध्ये चढल्यावरच काढायचा.