मॅग्नेट्रॉनची पॉवर कमी करताय? या चुका टाळा

मायक्रोवेव्ह ओव्हनची, म्हणजे त्यात लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉन या ट्यूबची, पॉवर उतरवायची म्हटली की बहुतेकांचा हात आधी डिमरकडे किंवा व्हेरिएककडे (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे) जातो. पंखा हळू होतो, दिवा मंद होतो, मग मॅग्नेट्रॉन का होणार नाही?

कारण मॅग्नेट्रॉनला सुमारे 4 हजार व्होल्ट लागतात. ठरावीक व्होल्टेजच्या खाली तो लहरी निर्माणच करत नाही, आणि ती पातळी ओलांडली की करंट झपाट्याने चढतो. मधे खेळायला जागा फारच थोडी. त्यात ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमध्ये फिलामेंटचा (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तारेचा) पुरवठाही त्याच ट्रान्सफॉर्मरवरून येतो. इनपुट उतरवला की फिलामेंट थंडावते, पुरेसे इलेक्ट्रॉन सोडत नाही आणि ट्यूब भलत्याच मोडमध्ये, म्हणजे कंपनाच्या चुकीच्या प्रकारात, शिरते.

एका प्रयोगशाळेतला ओव्हन माझ्याकडे आला होता. नमुने सावकाश वाळावेत म्हणून कोणीतरी त्याला व्हेरिएक लावलेला. दिवा लागतो, ताट फिरते, घरघर ऐकू येते, पण पाणी गार ते गारच. मॅग्नेट्रॉन गेला असे ठरवून त्यांनी नवा बसवला, तरी तेच. मी व्हेरिएक काढून ओव्हन थेट लाइनवर घेतला आणि नवा मॅग्नेट्रॉन लगेच नीट चालला. जुना परत लावून पाहिला, तर तो पूर्ण व्होल्टेजलाही ढेपाळत होता. अर्धवट तापलेल्या फिलामेंटवर रोज चालवल्यावर दुसरे काय होणार? लाइन व्होल्टेज आधी मोजले असते, तर नव्या मॅग्नेट्रॉनचा खर्च तरी वाचला असता.

मोजण्याचा कंटाळा ही दुसरी चूक, आणि तिचा मला मनापासून राग येतो. आज किती पॉवर मिळते हेच ठाऊक नसेल, तर कमी कशाच्या तुलनेत करणार? मी 1 लिटर गार पाणी घेतो, तापमान लिहून ठेवतो, फुल पॉवरवर 1 मिनिट चालवतो, पाणी ढवळतो आणि पुन्हा तापमान घेतो. दर अंश सेल्सिअस वाढीला साधारण 70 वॅट. 10 अंश चढले तर 700 वॅट. ढवळल्याशिवाय घेतलेले रीडिंग मी मानत नाही.

30 टक्क्यांवर 10 सेकंद चालवून निष्कर्ष काढू नका. ट्रान्सफॉर्मरवाला ओव्हन लो लेव्हललाही पूर्ण पॉवरच देतो, फक्त चालू-बंद करत. हे चक्र बहुधा 20–30 सेकंदांचे असते.

नमुन्याला कमी ऊर्जा हवी असेल तर शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा. आपला वाटा पाणी शोषते आणि मॅग्नेट्रॉनकडे परतणारी पॉवरही घटते. पाणी तापले की बदला. सलग मंद पॉवरच हवी असेल तर सरळ इन्व्हर्टर ओव्हन (चालू-बंद न करता पॉवरच कमी करणारा) घ्या. अगदी खालच्या लेव्हलला त्यातलेही बरेच चालू-बंदच करतात, एवढे लक्षात असू द्या.

ओव्हनच्या हाय व्होल्टेज सर्किटमध्ये लहान कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) लावला की पॉवर उतरते, हे खरे. पण हा सल्ला मी फोनवर कोणालाही देत नाही. प्लग काढल्यावर चार्ज उतरावा म्हणून कपॅसिटरमध्ये रेझिस्टर असतो; तो तुटलेला असेल तर हजारो व्होल्ट आत तसेच राहतात. तो धक्का जीव घेतो. हाय व्होल्टेजवर काम करायचा सराव नसेल, तर कव्हरच्या स्क्रूला हात लावू नका.

आणि दाराचे स्विच बायपास करून ओव्हन चालवायचा असेल, तर माझ्याकडे मदत मागू नका.