हदीस वाचताना आधी प्रसंग शोधा
मी एका हदीसवरून, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या उक्ती-कृतीबद्दलच्या एका कथनावरून, लगेच निष्कर्ष काढत नाही. त्याच विषयावरची इतर कथनं शेजारी ठेवते. ‘कुर्बानीचं मांस तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका’ हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा तो कायमचा नियमच वाटला होता. मग ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचं कथन सापडलं. त्या वर्षी वाळवंटातले गरजू लोक मदिनेत आले होते. मांस त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून ती मनाई होती. पुढे पैगंबरांनीच साठवायची परवानगी दिली. किती माणुसकी आहे या कारणात!

तेव्हा विचारा: कोणाला सांगितलं, कधी, कशामुळे? कथनकर्त्यांची साखळी, म्हणजे इस्नादही तपासा. प्रसंग सापडलाच नाही, तर कृपा करून मनाने रचू नका. जाणकार आलिमांना, म्हणजे धर्माच्या अभ्यासकांना, विचारा.