खाडीच्या पाण्यात जहाजी किडा कधी लागतो, हे फळ्या टांगून कसे ओळखावे

होडीचा तळ वरून ठणठणीत दिसतो, रंगही शाबूत असतो, आणि दुरुस्तीसाठी रंधा फिरवला की पहिल्या पातळ पापुद्र्याखाली लाकडाची चाळण झालेली सापडते. असे होते, कारण जहाजी किडा बाहेरून आत पोखरत येत नाही. तो जेमतेम टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आतच वाढतो. त्याचे बीळ बोटाएवढे रुंद झाले तरी दाराचे छिद्र दीड-दोन मिलिमीटरच राहते. नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत तो लागल्याला काही महिने उलटून गेलेले असतात. म्हणून ज्याला लाकडी होडी, धक्क्याचे खांब किंवा मत्स्यशेतीची लाकडी चौकट वाचवायची आहे, त्याने ‘किडा लागला आहे का’ यापेक्षा ‘आपल्या धक्क्यावर तो कोणत्या महिन्यांत लागतो’ हा प्रश्न आधी सोडवावा. त्याचे उत्तर काही साध्या फळ्या आणि नायलॉनची दोरी यांच्या साहाय्याने वर्षभरात मिळते.

पद्धतीकडे वळण्याआधी हा प्राणी पसरतो कसा, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण फळ्या कुठे आणि किती दिवस टांगायच्या हे त्यावरच ठरते. नावात किडा असला तरी तो तिसऱ्या-कालवांप्रमाणेच दोन शिंपांचा मृदुकाय प्राणी आहे. त्याच्या शिंपा मात्र अंग झाकण्याऐवजी डोक्याकडच्या टोकाशी उरल्या असून कानशीसारख्या दातेरी झाल्या आहेत, आणि त्यांनीच तो लाकूड खरवडतो. त्याच्या कल्ल्यांमध्ये राहणाऱ्या जिवाणूंच्या मदतीने तो ते लाकूड पचवतो. शेपटाकडून दोन बारीक नलिका छिद्राबाहेर निघतात. एकीने पाणी आत येते, दुसरीने बाहेर जाते, आणि प्रजननही याच वाटेने चालते. बँकिया गटातल्या जाती अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात. टेरेडो नॅव्हालिस या जातीची मादी डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पोहणारी सूक्ष्म अवस्था, काही दिवस आपल्या कल्ल्यांत सांभाळते आणि मगच पाण्यात सोडते. हे डिंभ दोन ते चार आठवडे भरती-ओहोटीबरोबर वाहत राहतात. लायरोडस पेडिसेलेटस ही जात याहून वेगळी वागते. तिचे डिंभ बाहेर पडतात तेच जवळजवळ पूर्ण वाढलेले, आणि लवकरच जवळच्या लाकडावर बसू शकतात. त्यामुळे बँकिया आणि टेरेडोची लागण खाडीच्या दूरच्या मुखाकडूनही येऊ शकते, तर लायरोडसची बहुधा शेजारीच कुजत पडलेल्या जुन्या होडीतून येते.

पूर्ण वाढलेला डिंभ साधारण पाव मिलिमीटरचा असतो. लाकूड सापडले की तो एका चिकट धाग्याने स्वतःला धरून ठेवतो, छोट्याशा पायाने पृष्ठभाग चाचपतो आणि थोड्याच काळात खरवडू लागतो. एकदा आत शिरलेला प्राणी पुन्हा त्या लाकडाबाहेर पडत नाही. होडीचे रक्षण करण्याची खरी संधी या चाचपणीच्या थोड्या काळातच असते.

या साऱ्यावर क्षारतेचा अंमल चालतो. टेरेडो नॅव्हालिसला दर हजार भाग पाण्यात आठ-नऊ भागांपेक्षा कमी मीठ असेल तर वंश वाढवता येत नाही. खुल्या समुद्रात हेच प्रमाण पस्तिसाच्या आसपास असते. १६२८ साली स्टॉकहोममध्ये बुडालेले ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर आले, ते मुख्यतः तिथले कमी खारे पाणी या किड्याला मानवत नसल्यामुळे. याची दुसरी बाजू सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर भागात दिसली. नद्यांचे पाणी आटलेल्या कोरड्या वर्षांत खारे पाणी आत घुसले आणि १९१९ ते १९२१ या काळात तिथले लाकडी धक्के एकामागून एक कोसळले. कोकणातल्या खाड्यांत पावसाळ्यात क्षारता झपाट्याने उतरते आणि पाऊस सरला की पुन्हा चढते, परंतु हा चढ-उतार प्रत्येक खाडीत सारखा नसतो. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत कोयनेच्या वीजघरांतून सुटलेले पाणी येते, म्हणून शेजारच्या नदीवरून बांधलेला अंदाज तिथे चालणार नाही. प्रत्येक धक्क्याचे वेळापत्रक वेगळे मांडावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

फळ्यांसाठी आंब्याचे किंवा सावरीचे मऊ लाकूड घ्यावे. त्यावर रंग, तेल किंवा कोणतेही औषध लावलेले नसावे. सागवान वापरू नये. त्यात किडा उशिरा लागतो आणि नोंद फसते. २०० मिलिमीटर लांब, ७५ रुंद आणि २५ जाड हे माप सोयीचे पडते, आणि सर्व फळ्या एकाच ओंडक्यातून कापलेल्या असल्या तर तुलना अधिक विश्वासार्ह होते. फळीला भोक पाडून नायलॉनच्या दोरीने बांधावी, खाली दगडाचे वजन द्यावे आणि लोखंडी खिळे टाळावेत. उधाणाच्या ओहोटीतही जी पाण्याखाली राहील अशी एक पातळी आणि तळाच्या चिखलापासून हातभर वरची दुसरी पातळी, अशा किमान दोन ठिकाणी फळ्या असाव्यात. पुष्कळ ठिकाणी तळालगतच लागण जास्त होते, आणि नेमका तोच भाग लोक तपासत नाहीत.

फळ्यांचे दोन संच ठेवावेत. पहिल्या संचातील फळी दर महिन्याला काढून तिच्या जागी नवी टांगावी, म्हणजे त्या महिन्यात किती डिंभ बसले ते कळते. दुसऱ्या संचात एकाच दिवशी बारा फळ्या टांगून दर महिन्याला एकेक काढावी, म्हणजे आतले नुकसान किती वेगाने वाढते ते दिसते. प्रत्येक वेळी तारीख, पाण्याचे तापमान आणि क्षारता लिहावी. क्षारता नेहमी भरतीच्या एकाच टप्प्यावर मोजावी, नाहीतर आकड्यांना अर्थ उरत नाही.

काढलेली फळी लगेच वाळवू नये. ती खाडीच्याच स्वच्छ पाण्याच्या परातीत, सावलीत, अर्धा तास न हलवता ठेवावी. किडा जिवंत असेल तर दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या पांढुरक्या नलिका जोडीजोडीने बाहेर येतात, आणि परातीवर टिचकी मारताच त्या सर्रकन आत जातात. त्यानंतर वरची शेवाळे आणि कवचे लाकडी पट्टीने हलकेच काढून भिंगाखाली छिद्रे मोजावीत. शेवटी पटाशीने फळी तंतूंच्या दिशेने फोडावी. आत पांढऱ्या चुन्याचे अस्तर असलेली बिळे दिसतात. ती कितीही दाटीवाटीची असली तरी सहसा एकमेकांना छेदत नाहीत. बिळाच्या तोंडाशी चुन्याची दोन इवली झाकणे असतात. ती वल्ह्यासारखी सपाट असतील तर टेरेडो किंवा तिच्या जवळची जात, आणि कणसासारखी एकावर एक रचलेली असतील तर बँकिया. ही झाकणे मद्यार्कात जपावीत. फॉर्मॅलीनमध्ये चुना विरघळत जातो. अस्तर नसलेली, पेन्सिलीएवढी रुंद आणि उथळ भोके दिसली तर ती स्फेरोमा या कवचधारी प्राण्याची असतात. त्यांची गणना निराळी ठेवावी.

तांबेयुक्त रंगाचा किंवा तेलाचा हात कधी द्यायचा ते या नोंदीवरून ठरते. मासिक फळ्यांवर छिद्रे वाढू लागतात त्याच्या आदल्या पंधरवड्यात तो ताजा असला पाहिजे, कारण लागण झाल्यावर वरून लावलेला थर आतल्या किड्यापर्यंत पोहोचत नाही. होडी चार दिवस उन्हात ओढून ठेवल्याने तो मरेल, ही समजूत सोडून द्यावी. झाकणांनी दार बंद करून तो काही आठवडे तग धरतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैत, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा त्या होड्या वर असतात आणि हा दीर्घ कोरडा काळ खरोखर उपयोगी पडतो. मात्र होडी पावसापासून झाकलेली आणि खालून वारा लागेल अशी टेकवलेली हवी. तळाचा जाड कणा ओला राहिला तर त्याच्या आतले किडे वाचतात.

तपासून झालेल्या फळ्यांचे तुकडे आणि दुरुस्तीत निघालेले पोखरलेले लाकूड धक्क्यावरून पाण्यात टाकू नये, तर वाळवून जाळून टाकावे. त्यांतल्या प्रत्येक जिवंत बिळातून पुढच्या हंगामाचे डिंभ त्याच खाडीत सुटतात.