आधी शाई, मग सही : कॉर्नेयच्या स्क्रीन प्रिंटची पारख

चित्रकार कॉर्नेयचे स्वाक्षरी केलेले, मर्यादित आवृत्तीतील स्क्रीन प्रिंट विकत घेण्याचा विचार असेल, तर खालच्या कोपऱ्यातली सही पाहण्याचा मोह थोडा वेळ आवरावा आणि आधी कागदावरची शाई नीट पाहावी. पेन्सिलची सही कोणत्याही छापील कागदावर उमटवता येते. तो कागद मुळात कोणत्या पद्धतीने छापला गेला, हे मात्र शाई सांगते.

डच आईवडिलांच्या पोटी १९२२ साली बेल्जियममधील लीज येथे जन्मलेला हा चित्रकार १९४८ साली पॅरिसमध्ये कारेल आपेल, कॉन्स्टंट आदींसह कोब्रा या चित्रकारांच्या गटाच्या स्थापनेत सामील झाला आणि २०१० साली त्याचे निधन झाले. त्याचे पक्षी, स्त्रिया आणि सूर्य सपाट, भडक रंगांत रंगवलेले असतात. स्क्रीन प्रिंटला डच भाषेत ‘झेफद्रुक’ म्हणजे शब्दशः ‘चाळणीची छपाई’ म्हणतात; ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई खाली दाबली जाते आणि साधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी वापरली जाते. सपाट रंगांना ही पद्धत फार मानवते. पण अशाच रंगांची साधी ऑफसेट, म्हणजे छापखान्यातील यंत्रावर छापलेली, प्रतही लांबून हुबेहूब दिसते, आणि फसगत होते ती येथेच.

म्हणून चित्र चौकटीतून बाहेर काढून दाखवण्याची विनंती विक्रेत्याला निःसंकोचपणे करावी. कागद टेबलावर ठेवून एका बाजूने, जवळजवळ कागदाला समांतर, प्रकाश टाकावा. स्क्रीन प्रिंटमध्ये शाईचा थर बहुधा कागदाच्या वर बसलेला जाणवतो आणि जिथे एक रंग दुसऱ्यावर चढतो तिथे कडेला बारीकशी पायरी दिसते. त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग लावावे. ऑफसेट प्रतीत निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके फुलासारख्या गोलाकार रचनेत विखुरलेले दिसतात, तर स्क्रीन प्रिंटमधला लाल हा सलग लालच असतो. केवळ ठिपके दिसले म्हणून मात्र घाईने निर्णय देऊ नये, कारण छायाचित्रावरून तयार केलेल्या जाळीतूनही ठिपके उमटतात. चार रंगांच्या ठिपक्यांतून बाकीचे सारे रंग भासवले आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

आता सहीकडे वळावे. पेन्सिलची रेघ तिरप्या प्रकाशात करडी चमकते, तिच्या दाबाने कागदावर किंचित खाच पडलेली असते आणि वळणावर तिची जाडी बदलते. छापलेली सही सर्वत्र सारखीच सपाट दिसते. डच विक्रेत्यांच्या वर्णनातले शब्दही नीट वाचावेत : ‘हांतखेसिनेर्ड’ म्हणजे हाताने सही केलेले, तर सही ‘छपाईत’ असल्याचा उल्लेख असेल तर ती मूळ चित्रातून छापून आलेली आहे, आणि तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

३४/१५० असा आकडा असेल तर त्याचा अर्थ दीडशे प्रतींपैकी चौतिसावा क्रमांक. लहान आकडा म्हणजे उत्तम प्रत, ही समजूत स्क्रीन प्रिंटच्या बाबतीत तरी मनातून काढून टाकावी. कोरीव तांब्याचा पत्रा जसा झिजतो तशी जाळी अशा लहान आवृत्तीत झिजत नाही, आणि क्रमांक छपाईच्याच क्रमाने घातले असतील याचीही खात्री नसते. ‘ई. ए.’ अक्षरे कलावंतासाठी राखलेली प्रत दाखवतात. कागदाचे माप जुन्या लिलावांतील त्याच चित्राच्या नोंदीशी ताडून पाहावे; माप कमी भरले तर कडा कापल्या गेल्या आहेत, आणि माझ्या मते हा दोष थोड्या पिवळेपणापेक्षा कितीतरी गंभीर आहे, कारण कापलेली कड परत येत नाही. चित्रकाराविषयीची माहिती पडताळण्यासाठी हेग येथील आर. के. डी. या कलाइतिहास संस्थेची नोंदवही उपयोगी पडते.

नेदरलँड्समधील लिलावात बोली लावताना ‘ऑपखेल्ड’, म्हणजे हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराकडून घेतली जाणारी टक्केवारी, आधीच हिशेबात धरावी. व्यावसायिक विक्रेत्यामार्फत ३,००० युरो किंवा त्याहून अधिक किमतीला पुनर्विक्री झाली, तर चित्रकाराच्या वारसांना विक्रीच्या किमतीतला वाटा मिळवून देणारा ‘फोल्खरेख्त’ हा हक्कही लागू होतो. ५०,००० युरोंपर्यंत त्याचा दर ४ टक्के आहे.

घरी आणल्यावर चित्र पुठ्ठ्याला चिकटपट्टीने कधीही लावू नये. आम्लरहित पुठ्ठ्यावर, जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला चिकटवून ते टांगते ठेवावे. काच चित्राला टेकू नये, म्हणून मध्ये जाड चौकटपुठ्ठा घालावा. शाईचा जाड थर काचेला चिकटला तर सोडवताना रंग उखडतो. थेट ऊन पडणारी भिंत टाळावी आणि विक्रीची पावती चौकटीच्या मागे न डकवता वेगळ्या पाकिटात जपून ठेवावी.