उबंटूच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही?

विंडोजच्या जोडीला उबंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलात, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरूही झाला, पण डिस्कची यादी रिकामी. लगेच एसएसडी गेली म्हणून डोक्याला हात लावू नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्टोरेज 'रेड' किंवा 'आरएसटी' या डिस्क हाताळण्याच्या मोडवर असतं. ते 'एएचसीआय' या साध्या मोडवर आणायचं, म्हणजे इन्स्टॉलरला डिस्क दिसते.

पण थेट बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसतं. म्हणून आधी बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की उतरवून घ्या. ४८ आकडी आहे, पुन्हा ताडून पाहा. मग विंडोजमधलं 'एमएसकॉन्फिग' उघडून बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'वर टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरा, मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की टिक काढून टाका. तिथे पिन चालेलच असं नाही, पासवर्ड आठवत असू द्या!

फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न करता झटपट सुरू करणारी सोय) बंद करा, नाहीतर उबंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. जागा मोकळी करायची ती मी तरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करतो.

इन्स्टॉल होऊनही सरळ विंडोजच उघडलं, तर बायोसच्या बूट क्रमात 'उबंटू' सर्वांत वर आणा.